'इझम' या प्रत्ययाची कुळकथा

भाषेच्या अभ्यासांत शब्दांकडे जितकें लक्ष दिलें जातें तितकें प्रत्ययांकडे दिलें जात नाहीं. शब्द हा घरधनी आणि प्रत्यय हा त्याच्या पाठीमागून चालणारा चाकर, अशी आपली समजूत असते. परंतु कांहीं चाकर असे निघतात कीं, त्यांनीं धन्याहून अधिक देश पाहिलेले असतात, अधिक घरीं काम केलेलें असतें, आणि शेवटीं ते स्वतःच घरधनी होऊन बसतात. इंग्रजींतील 'इझम' हा प्रत्यय अशांपैकींच एक आहे.

शाळेंतील विद्यार्थ्याला हा प्रत्यय दिवसांतून चार वेळां भेटतो. पदार्थविज्ञानाच्या तासाला तो 'मॅग्नेटिझम' वाचतो. इतिहासाच्या तासाला 'नॅशनॅलिझम' व 'इंपीरिअॅलिझम' वाचतो. इंग्रजीच्या तासाला 'क्रिटिसिझम' आणि शास्त्रपाठाच्या तासाला 'बॅप्टिझम' त्याच्या कानीं पडतो. भाषांतर करतांना पुष्कळ विद्यार्थी एकच किल्ली सर्व कुलुपांना लावूं पाहतात, व 'इझम' दिसला कीं 'वाद' लिहून मोकळे होतात. या किल्लीनें कांहीं कुलुपें उघडतात हें खरें. पण 'मॅग्नेटिझम' म्हणजे 'चुंबकवाद' किंवा 'हीरोइझम' म्हणजे 'वीरवाद' असें लिहिल्यास वाचणाऱ्याला हंसूं आल्याशिवाय राहणार नाहीं. तेव्हां हा प्रत्यय जन्मला कोठें, त्याचें मूळचें काम काय होतें, आणि आज तो इतकीं निरनिराळीं कामें कां करतो, हें क्रमानें पाहणें उपयोगाचें होईल. या शोधांत व्याकरणापलीकडची एक गोष्टहि आपल्या हातीं लागेल, ती अशी कीं, हा लहानसा प्रत्यय माणसांचा न्यायहि करतो व अन्यायहि करतो.

प्रथम त्याचें जन्मस्थान पाहूं. प्राचीन ग्रीक भाषेंत नामापासून क्रियापद बनविण्याचा 'इझेइन' नांवाचा एक सोपा प्रत्यय होता. 'हेलेन' म्हणजे ग्रीक मनुष्य. त्यावरून 'हेलेनिझेइन', म्हणजे ग्रीक बोलणें, ग्रीकासारखें वागणें. 'ऑस्ट्राकॉन' म्हणजे फुटक्या मडक्याची खापरी; त्यावरून 'ऑस्ट्राकिझेइन', म्हणजे खापरीवर नांव लिहून एखाद्याला हद्दपार करणें. कांहीं वेळां हा प्रत्यय क्रियापदालाहि लागे. 'बाप्टेइन' म्हणजे बुचकळणें. त्यावरून 'बाप्टिझेइन' हें दुसरें क्रियापद झालें. अशा रीतीनें तयार झालेल्या क्रियापदाला 'मॉस' हा दुसरा प्रत्यय लावला म्हणजे त्या क्रियेचें नांव तयार होई: 'हेलेनिस्मॉस', 'ऑस्ट्राकिस्मॉस', 'बाप्टिस्मॉस'. 'मॉस' ऐवजीं 'मा' लावला तर क्रियेपेक्षां ती क्रिया घडून जें झालें त्याचा बोध अधिक होई. नव्या करारांत योहानानें दिलेल्या संस्काराला 'बाप्टिस्मा' म्हटलें आहे, तर मार्काच्या सातव्या अध्यायांत प्याले व भांडीं धुण्याच्या क्रियेला 'बाप्टिस्मॉस' हा शब्द आहे. मराठी शास्त्रांतील 'बाप्तिस्मा' या शब्दांत तें ग्रीक रूप जवळजवळ जसेंच्या तसें टिकून राहिलें आहे. गोव्याच्या कोंकणींत तोच शब्द पोर्तुगीज वाटेनें आल्यामुळें त्याचें अंत्य रूप निराळें ऐकूं येतें.

आपल्या व्याकरणांत प्रत्ययांचे दोन मोठे वर्ग शिकविले जातात. धातूला लागून शब्द बनवितो तो कृत् प्रत्यय, आणि नामाला अगर विशेषणाला लागून नवा शब्द बनवितो तो तद्धित प्रत्यय. या परिभाषेंत बोलावयाचें तर ग्रीक 'मॉस' हा कृत् प्रत्यय होय. तो आपणांस अगदींच परका आहे असेंहि नाहीं. ग्रीक 'थूमॉस' व संस्कृत 'धूम' हे एकाच प्राचीन शब्दाचे वंशज आहेत. संस्कृतांत त्याचा अर्थ धूर असा राहिला, तर ग्रीकांत मनांत उसळणारा आवेश असा झाला. 'धूम' या शब्दाच्या शेवटीं जो 'म' आहे, त्याचाच सख्खा भाऊ 'मॉस' आहे. त्याचप्रमाणें ग्रीक 'ऑनोमा' व संस्कृत 'नामन्' हीं भावंडें आहेत, आणि 'बाप्टिस्मा'तील 'मा' हा 'नामन्' व 'कर्मन्' या शब्दांतील 'मन्' या प्रत्ययाचा आप्त आहे. म्हणजे ज्या प्रत्ययाला आपण परदेशचा समजतों त्याचें गोत्र आपल्याच 'कर्म' शब्दाशीं जुळतें. हें नातें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. कारण 'इझम'चा मूळ अर्थ मत असा नसून कर्म असा होता. कोणी काय केलें, हें तो सांगत असे.

आतां त्या काळच्या दोन शब्दांचा इतिहास थोडक्यांत पाहूं. ते दोन्ही शब्द एकाच मोठ्या माणसाच्या वांट्याला आले.

इ.स.पू. ४८० व ४७९ या वर्षीं इराणच्या सम्राटानें ग्रीस देशावर स्वारी केली. ग्रीक लोक इराण्यांना पुष्कळदां 'मीड' म्हणत. मराठी शास्त्रांत ज्यांना मेदी म्हटलें आहे तेच हे. जीं ग्रीक नगरें शत्रूला मिळालीं, त्यांच्या वर्तनाला 'मीडिझेइन' हें क्रियापद व 'मीडिस्मॉस' हें नाम लावलें जाऊं लागलें. हिरोडोटसाच्या इतिहासांत हा शब्द आढळतो. 'मीडिस्मॉस' हें कोणतें तत्त्वज्ञान नव्हतें. मेदी लोकांचें मत पटलें असा त्याचा अर्थ नव्हता. शत्रूचा पक्ष धरला, हा तो आरोप होता. अमक्या दिवशीं, अमक्या रणांगणावर थीब्सचे लोक कोणत्या बाजूला उभे होते, एवढें पाहिलें कीं आरोप खरा कीं खोटा हें ठरवितां येत असे.

दुसरा शब्द 'ऑस्ट्राकिस्मॉस', इंग्रजींत 'ऑस्ट्रॅसिझम'. अथेन्स नगरांत एखादा पुढारी फार बलिष्ठ होऊन लोकसत्तेला धोका होऊं नये म्हणून हा उपाय योजिलेला होता. त्याचा पहिला उपयोग इ.स.पू. ४८७ या वर्षीं झाला. वर्षांतून एकदां लोकसभा विचारी कीं, यंदां असें मत घ्यावयाचें काय? होकार मिळाला तर ठरलेल्या दिवशीं नागरिक खापरीवर एक नांव ओरखडून आणीत. निदान ६००० खापऱ्या पडल्याखेरीज निर्णय होत नसे. ज्याच्या नांवाच्या खापऱ्या सर्वांत अधिक, त्यानें दहा दिवसांत नगर सोडून दहा वर्षें बाहेर राहावें, असा नियम होता. त्याची मालमत्ता जप्त होत नसे. मुदत संपली कीं तो सन्मानानें परत येई. नियम म्हणून हा सौम्य होता. परंतु त्यांत आरोप सांगावा लागत नसे, पुरावा द्यावा लागत नसे, आणि ज्याचें नांव लिहिलें त्याला उत्तर देण्याची संधिहि नसे.

प्लूटार्क या चरित्रकारानें एक गोष्ट सांगितली आहे. ॲरिस्टायडीस या पुढाऱ्याला लोक 'न्यायी' म्हणत. मतदानाच्या दिवशीं एका निरक्षर खेडुतानें त्याला न ओळखतां आपली खापरी त्याच्यापुढें केली, व तिच्यावर ॲरिस्टायडीसाचें नांव लिहून देण्यास सांगितलें. त्यानें तुझें काय वाईट केलें, असें विचारतां खेडूत म्हणाला कीं, मी त्याला ओळखतहि नाहीं, पण जिकडे तिकडे 'न्यायी, न्यायी' हें ऐकून मी कंटाळलों आहें. ॲरिस्टायडीसानें मुकाट्यानें आपलें नांव लिहून खापरी परत दिली, असें प्लूटार्क सांगतो. इ.स.पू. ४८२ च्या सुमारास ॲरिस्टायडीसाला हद्दपार व्हावें लागलें, हें मात्र इतिहासाला मान्य आहे.

ॲरिस्टायडीसाचा प्रतिस्पर्धी थेमिस्टॉक्लीस. याच्याच दूरदृष्टीमुळें सॅलॅमिसच्या सागरी युद्धांत इ.स.पू. ४८० सालीं ग्रीकांचा जय झाला. पण इ.स.पू. ४७१ च्या सुमारास त्याच्यावरहि खापऱ्या पडल्या; तो हद्दपार झाला. पुढें त्याच्यावर 'मीडिस्मॉस'चा आरोप आला, आणि ज्या इराणच्या आरमाराला त्यानें बुडविलें त्याच इराणच्या सम्राटाच्या आश्रयाला जाऊन त्याला आयुष्याचे शेवटले दिवस काढावे लागले. १९३७ सालीं ऑस्कर ब्रोनीर या अमेरिकन संशोधकाला अथेन्सच्या ॲक्रॉपॉलिस टेकडीच्या उतारावरील एका विहिरींत सुमारें १९० खापऱ्यांचा ढीग सांपडला. त्यांवर थेमिस्टॉक्लीसाचें नांव होतें. अक्षरांचें वळण तपासून पाहतां असें दिसलें कीं, इतक्या सर्व खापऱ्या अवघ्या चौदा हातांनीं लिहिलेल्या आहेत. याचा अर्थ उघड आहे. कांहीं मंडळींनीं बसून नांवें आगाऊ लिहून ठेविलीं होतीं; मतदारानें तयार खापरी उचलून टाकावी, एवढेंच काम शिल्लक होतें.

आपल्या मराठींत 'एखाद्याच्या माथीं खापर फोडणें' असा वाक्प्रचार आहे. त्याचा अथेन्सशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु वरील प्रसंगाला तो नेमका लागू पडतो. हा चौदा हातांचा दाखला विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. पुढें त्याचें काम आहे.

येथून हा प्रत्यय धर्माच्या क्षेत्रांत आला. इ.स.पू. दुसऱ्या शतकांत सिरियाचा राजा चवथा अँटायोकस यानें यरुशलेमांतील यहुदी लोकांवर ग्रीक चालीरीति लादण्याचा प्रयत्न केला, व इ.स.पू. १६७ च्या सुमारास मक्काबी घराण्यानें त्याविरुद्ध शस्त्र उचललें. हा इतिहास सांगणारें मक्काबींचें दुसरें पुस्तक ग्रीक भाषेंत लिहिलेलें आहे. त्यांत ग्रीक वळणानें वागण्याला 'हेलेनिस्मॉस' व आपल्या पूर्वजांच्या रीतीला चिकटून राहण्याला 'यूदाइस्मॉस' असे दोन शब्द समोरासमोर आले आहेत. येथेंहि 'यूदाइस्मॉस' म्हणजे पुस्तकांतील सिद्धांतांची यादी नव्हे. तें जगणें होतें, व प्रसंगीं त्यासाठीं मरणें होतें. प्रेषित पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायांत आपल्या पूर्वायुष्याविषयीं बोलतांना हाच शब्द वापरला आहे. पुढें इ.स. दुसऱ्या शतकाच्या आरंभीं अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नेशियस याच्या पत्रांत 'ख्रिस्तियानिस्मॉस' हा शब्द दिसतो. नव्या करारांत मात्र तो एकदांहि नाहीं. तेथें 'ख्रिस्ती' हें माणसाचें नांव आहे, तेंहि फक्त तीन ठिकाणीं. त्या धर्माला उद्देशून 'इस्मॉस' लावलेलें नांव नाहीं. तेथें त्या धर्माचा उल्लेख बहुधा 'मार्ग' या शब्दानें होतो. माणूस आधीं चालूं लागला, त्याला नांव मागाहून मिळालें, आणि त्याच्या चालण्याला 'इझम' त्याहून मागाहून लागला.

ग्रीकमधून हा प्रत्यय लॅटिनमध्यें 'इस्मुस' म्हणून गेला. चर्चची भाषा लॅटिन असल्यामुळें 'बाप्तिस्मुस', 'एक्सॉर्किस्मुस', 'काटेकिस्मुस' असे शब्द युरोपभर पसरले. लॅटिनमधून फ्रेंच 'इस्म', इटालियन व पोर्तुगीज 'इस्मो', जर्मन 'इस्मुस', आणि फ्रेंचच्या द्वारें मुख्यतः इंग्रजी 'इझम' अशी त्याची वंशावळ आहे. त्याच्याबरोबर त्याचीं भावंडेंहि आलीं. 'इझेइन'पासून इंग्रजींतील 'आइझ' हा क्रियापदाचा प्रत्यय आला, आणि क्रिया करणाऱ्याला लागणाऱ्या 'इस्टीस'पासून 'इस्ट' आला. 'सायंटिस्ट' हा शब्द याच साच्यांत विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्या विद्वानानें घडविला. १८३४ च्या एका परीक्षणलेखांत तो छापला गेला. त्यापूर्वीं शास्त्रज्ञाला इंग्रजींत असें सुटसुटीत नांव नव्हतें.

येथें विद्यार्थ्यांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगून ठेवतों. 'ऑर्गनाइझ', 'रिअलाइझ' असे शब्द लिहितांना 'एस्' लिहावा कीं 'झेड्', असा प्रश्न नेहमीं पडतो. फ्रेंच वळणानें 'एस्' येतो, ग्रीक मुळानें 'झेड्' येतो. दोन्ही रूढ आहेत, फक्त एका निबंधांत दोन्ही वळणें नसावींत. परंतु 'ॲडव्हाइझ', 'सरप्राइझ', 'एक्सरसाइझ' या शब्दांच्या शेवटीं हा ग्रीक प्रत्यय मुळींच नाहीं. म्हणून तेथें 'झेड्' लिहिणें चूक होय. असाच फसवा सारखेपणा 'प्रिझम' या शब्दांत आहे. तेथें 'इझम' नाहीं. ग्रीक 'प्रिएइन' म्हणजे करवतीनें कापणें, त्यावरून 'प्रिझ्मा' म्हणजे कापून काढलेली वस्तु. काचेचा लोलक हातांत घेतला कीं हा अर्थ लक्षांत राहील.

सोळाव्या शतकापासून या प्रत्ययाच्या स्वभावांत एक मोठा पालट दिसूं लागला. धर्मसुधारणेच्या वादांत पुढाऱ्यांच्या नांवांना तो सरसकट लागूं लागला: ल्यूथरवरून 'ल्यूथरॅनिझम', कॅल्व्हिनवरून 'कॅल्व्हिनिझम'. हीं नांवें पुष्कळदां विरोधकांनीं दिलेलीं असत. स्वतः ल्यूथरनें १५२२ सालीं आपल्या अनुयायांना आपलें नांव न लावण्याविषयीं बजाविलें होतें. येथें लक्षांत घ्या कीं, 'कॅल्व्हिनिझम' या शब्दाच्या आधीं 'कॅल्व्हिनाइझ' असें रूढ क्रियापद उभें नाहीं. मधली पायरी गळून गेली. धातूला लागणारा कृत् प्रत्यय आतां नामाला थेट लागणारा तद्धित प्रत्यय झाला. आणि क्रियापद गळालें त्याबरोबर 'कोणी काय केलें' हा प्रश्नहि गळाला. राहिलें तें केवळ नांव. १६८० सालच्या एका इंग्रजी पुस्तकांत तर 'इझम' हा शब्द एकटाच, पाठीमागें कोणतेंहि नाम नसतां, उपहासानें वापरलेला आढळतो. चाकर घरधनी झाला तो असा.

एकोणिसाव्या शतकांत त्याचें राज्य सर्वत्र पसरलें. 'लिबरॅलिझम', 'सोशिॲलिझम', 'नॅशनॅलिझम', 'इंडिव्हिज्युॲलिझम' हे राजकारणांतील शब्द त्याच काळांत रूढ झाले. परोपकारबुद्धीला 'आल्ट्रुइझम' हें नांव ऑगस्ट कॉम्ट या फ्रेंच तत्त्वज्ञानें दिलें. दारूच्या व्यसनानें जडणाऱ्या रोगाला मॅग्नस हस या स्वीडिश वैद्यानें १८४९ सालीं याच प्रत्ययाचें नांव दिलें, तेंच इंग्रजी 'आल्कोहॉलिझम'. कित्येक नांवें थट्टेंतून निघालीं. १८७४ सालीं पॅरिस येथील एका चित्रप्रदर्शनांत क्लोद मोने याच्या सूर्योदयाच्या चित्राच्या नांवावरून एका टीकाकारानें त्या चित्रकारांची टर उडविली. त्यांनीं तेंच नांव पुढें अंगीकारलें, व 'इंप्रेशनिझम' हा चित्रकलेंतील मानाचा शब्द झाला. शेरिडनच्या १७७५ सालच्या नाटकांतील मिसेस मॅलाप्रॉप ही मोठे शब्द भलत्याच ठिकाणीं वापरते, म्हणून तशा चुकीला 'मॅलाप्रॉपिझम' म्हणतात.

याच लाटेंत आपल्या देशांतील धर्मांनाहि नवीं इंग्रजी नांवें मिळालीं. 'हिंदुइझम' हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखनांत दिसूं लागतो, आणि १८१६ सालीं राममोहन रॉय यांच्या इंग्रजी लेखनांतहि तो आढळतो. 'बुद्धिझम', 'जैनिझम', 'सिखिझम' हे त्याच टांकसाळींतले. येथील लोक आपल्या आचारविचाराला धर्म, पंथ, मार्ग, संप्रदाय, शासन अशा शब्दांनीं ओळखीत आले होते; आपण एखाद्या 'इझम'चे आहोंत हें त्यांना इंग्रजी पुस्तकांतून कळलें. कांहींनीं हें नांव स्वीकारलें, कारण जगांतील इतर धर्मांच्या बरोबरीनें आपली गणना व्हावी असें त्यांस वाटलें. कांहींनीं नाकारलें. युरोपियन लेखक पूर्वीं इस्लामला 'मोहमेडनिझम' म्हणत; मुसलमान लोकांना तें कधींच पटलें नाहीं, कारण त्यांची उपासना परमेश्वराची आहे, पैगंबराची नाहीं. विसाव्या शतकांत तें नांव मागें पडून, ज्या नांवानें ते स्वतः आपल्या धर्माला ओळखतात तेंच 'इस्लाम' हें नांव सर्वमान्य झालें. दुसऱ्याच्या श्रद्धेला नांव देतांना, तो स्वतः तिला काय म्हणतो हें आधीं विचारावें, हा सभ्यपणाचा धडा या एका शब्दाच्या इतिहासांत आहे.

आतां मराठीकडे वळूं. जपानी भाषेनें 'इझम'साठीं 'शुगी' असा शब्द निवडला. मुख्य तत्त्व असा त्याचा भाव आहे, आणि तींच अक्षरें पुढें चिनी भाषेंतहि रूढ झालीं. अरबीनें आपला 'इय्या' हा प्रत्यय योजिला. मराठीनें व तिच्या भगिनीभाषांनीं 'वाद' हा संस्कृत शब्द पुढें केला. ही निवड उत्तमच होती. कारण अद्वैतवाद, स्याद्वाद, सत्कार्यवाद असे शब्द आपल्या दर्शनशास्त्रांत फार प्राचीन काळापासून आहेत, आणि समाजवाद, साम्यवाद, राष्ट्रवाद, साम्राज्यवाद हे त्यांच्या पंक्तीला सहज बसले. परंतु 'वाद' शोभतो तो मताला व सिद्धांताला. 'इझम' मात्र निदान सहा प्रकारचीं कामें करतो, आणि प्रत्येकाला मराठींत निराळा शब्द लागतो. तीं अशीं:

क्रिया अगर संस्कार असेल तर क्रियावाचक नाम: 'क्रिटिसिझम' म्हणजे टीका, 'बॅप्टिझम' म्हणजे बाप्तिस्मा.
गुण असेल तर 'त्व', 'ता' किंवा तसाच दुसरा भाववाचक शब्द: 'मॅग्नेटिझम' म्हणजे चुंबकत्व, 'हीरोइझम' म्हणजे वीरता अथवा शौर्य, 'पेट्रिऑटिझम' म्हणजे देशभक्ति.
रोग असेल तर रोगाचें रूढ नांव: 'ऱ्हूमॅटिझम' म्हणजे संधिवात.
रचना असेल तर रचनेचें नांव: 'मेकॅनिझम' म्हणजे यंत्ररचना.
धर्म असेल तर धर्म: 'बुद्धिझम' म्हणजे बौद्ध धर्म.
मत, सिद्धांत अगर राजकीय पक्षाचें तत्त्व असेल तर वाद: 'सोशिॲलिझम' म्हणजे समाजवाद.

भाषांतर करतांना प्रथम हा प्रश्न विचारावा कीं, समोरचा 'इझम' या सहांपैकीं कोणत्या घरांत बसतो? उत्तर मिळालें कीं मराठी शब्द आपोआप सुचेल.

'वाद' शब्दाविषयीं आणखी एक विचार सांगण्यासारखा आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: वाद, जल्प व वितंडा. सत्य काय आहें हें समजून घेण्याच्या इच्छेनें, प्रमाणें देऊन, दोन पक्ष जी चर्चा करतात ती वाद. केवळ जिंकण्यासाठीं, प्रसंगीं शब्दच्छल करूनहि, जी चर्चा होते ती जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडतां फक्त दुसऱ्याचा पाडणें ती वितंडा. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या लेखीं 'वाद' हा तिघांत श्रेष्ठ होता; त्यांत ऐकणें होतें, उत्तर देण्याची संधि होती, पुरावा होता. आज वर्तमानपत्रांतून व सभांतून माणसांना अमुकवादी, तमुकवादी म्हणण्याचा जो सुळसुळाट दिसतो, त्यांत या अर्थाचा वाद किती आणि जल्प-वितंडा किती, हें ज्याचें त्यानें पाहावें. एखाद्याला एक 'वादी' चिकटविला कीं त्याचें म्हणणें ऐकण्याचे श्रम वांचतात. ही अथेन्सची खापरीच नव्हे काय? आणि बहुतेकदां ती आपण स्वतः लिहिलेलीहि नसते. कोणा चौदा हातांनीं लिहून ठेवलेली असते, आपण केवळ उचलून टाकतों.

तथापि यावरून असा अर्थ काढूं नये कीं, सर्वच 'इझम' टाकून द्यावे. कांहीं अन्याय इतके जुने व इतके सर्वत्र पसरलेले असतात कीं, त्यांना नांव मिळेपर्यंत ते कोणाला दिसतच नाहींत. वसाहतवाद, वंशवाद, जातीयवाद हे शब्द अशा अन्यायांना ओळखतां यावें म्हणून आवश्यक आहेत. ज्या मुलाला विहिरीवर पाणी भरूं दिलें जात नव्हतें, त्याच्या दुःखाला एका घरचें भांडण म्हणून सोडून देतां येतें; त्याला एक व्यापक नांव मिळालें म्हणजे तें साऱ्या समाजापुढें प्रश्न म्हणून उभें राहतें. नांव देणें ही मोठी शक्ति आहे. ती कृत्याला दिली तर न्यायाचें साधन होते. ऐकून न घेतां माणसाला चिकटविली तर अन्यायाचें.

मग योग्य कोणतें व अयोग्य कोणतें, हें ओळखावें कसें? याला व्याकरणानेंच एक कसोटी दिली आहे. प्रत्यय उलटा उलगडावा. 'इझम'मधून गळालेलें क्रियापद पुन्हां जागेवर बसवावें, आणि विचारावें: कोण? काय करतो? केव्हां व कोणाशीं? 'ते लोक अमुकवादी आहेत' असें कोणी म्हटलें, तर त्यानें त्या शब्दाऐवजीं एक पूर्ण वाक्य सांगावें, ज्यांत कर्ता आहे, कर्म आहे व क्रियापद आहे. तें वाक्य सांगतां आलें व तें खरें ठरलें, तर शब्द न्याय्य आहे. 'मीडिस्मॉस'चा आरोपसुद्धां, मनुष्य रणांगणावर कोठें उभा होता, या प्रश्नानें तपासतां येत असे. वाक्य सांगतां आलें नाहीं, तर समजावें कीं हातांत केवळ खापरी आहे.

विद्यार्थ्यांनीं येत्या आठवड्यांत आपल्या पाठ्यपुस्तकांतून व वर्तमानपत्रांतून 'इझम' अथवा 'वाद' या अंताचे दहा शब्द निवडावे, प्रत्येक शब्द वरील सहा घरांपैकीं कोठें बसतो तें लिहावें, आणि जे मतवाचक आहेत त्यांचें एकेक पूर्ण वाक्यांत रूपांतर करून पाहावें. या अभ्यासानें भाषांतराच्या उत्तरपत्रिकेंत चार गुण अधिक मिळतील. शिवाय कोणाच्या नांवाची खापरी हातीं आली असतां ती टाकण्यापूर्वीं उलटून वाचण्याची संवय लागेल, व ती शाळा सुटल्यावरहि उपयोगीं पडेल.